कुंकवाचा तास

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी जेऊर सोडते आणि कुर्डुवाडी जंक्शन येण्याआधी केम लागते. करमाळा तालुक्यातले हे गाव उत्तरेश्वराच्या देवळासाठी आणि कुंकवासाठी ओळखले जाते. हळदीपासून कुंकू करण्याचा इथला व्यवसाय जुना आहे आणि कुंकवाशिवाय जिथले पान हलत नाही अशी पंढरपूर, तुळजापूर ही देवस्थाने याच टापूत आहेत. अशा गावातल्या मुलाला हळद लाल कशी होते हे दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. त्याने ते घरी नाहीतर शेजारी कधी ना कधी पाहिलेले असते.

आता केममधल्या एका वर्गात विज्ञानाचा तास चालू आहे, असे समजू. विषय आम्ल, आम्लारी आणि दर्शक. शिक्षक हुशार आहेत, त्यामुळे लिटमस कागदाची वाट न बघता त्यांनी साध्या कागदावर ओली हळद चोळून तो वाळवून आणला आहे. त्यावर चुन्याची निवळी टाकली की डाग लालसर होतो. त्याच डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. चुना आम्लारीधर्मी, लिंबू आम्लधर्मी, आणि हळद दोघांमधला फरक सांगणारी. मुले पुढे सरकून बघतात. तास रंगला आहे. एवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “सर, पण कुंकू करताना तर लिंबूच पिळत्यात की! मग ते पिवळं का होत न्हाई?”

प्रश्न अगदी खरा आहे. कुंकवाच्या पारंपरिक कृतीत हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांची पुटे देतात. नुकत्याच केलेल्या प्रयोगाप्रमाणे लिंबाच्या रसाने हळद पिवळी राहायला हवी, पण कुंकू तर लालभडक होते. याचे उत्तर टाकणखारात आहे. टाकणखारात बोरॉन असते. आम्ल असताना बोरॉन हळदीतल्या कर्क्युमिनशी जोडले जाऊन वाळते, तेव्हा लाल रंगाचे वेगळेच संयुग तयार होते, आणि हा लाल रंग आम्लाने जात नाही. रसायनशास्त्रात बोरॉन ओळखण्याची एक जुनी चाचणी हळदीच्या कागदावरच होते. म्हणजे चुन्याने येणारा लाल रंग आणि टाकणखाराने येणारा लाल रंग डोळ्यांना सारखे दिसले तरी त्यांची कारणे निराळी आहेत. शालेय पाठ्यपुस्तक पहिल्या लालीपाशी थांबते. मुलगा आपल्या गावच्या अनुभवाच्या बळावर दुसऱ्या लालीपर्यंत जाऊन पोहोचला आहे.

शिक्षकाला हे उत्तर त्या क्षणी माहीत असण्याची शक्यता कमी आहे. पदवीला रसायनशास्त्र घेतलेल्यालाही ते चटकन आठवेल असे नाही. वर्ग गप्प झाला आहे. सगळे सरांकडे बघत आहेत, आणि काही मुलांच्या चेहऱ्यावर सर सापडले याची गंमत दिसते आहे. तास संपायला दहा मिनिटे आहेत, स्वाध्याय राहिला आहे. सरांपुढे तीन वाटा आहेत. “मध्ये मध्ये बोलू नकोस” म्हणून दरडावणे. “ते वेगळं असतं, पुढे चला” म्हणून सोडून देणे. किंवा, “प्रश्न बरोबर आहे. मला उत्तर येत नाही. आपण शोधू. तू घरी विचारून ये की लिंबाबरोबर आणखी काय काय घालतात,” असे म्हणणे.

अध्यापनशास्त्राचे कोणतेही पुस्तक तिसरी वाट बरोबर ठरवेल. मात्र त्या वाटेने जायला काय लागते, हे पुस्तकात क्वचित असते. भर वर्गात आपले अज्ञान मान्य करण्याची लाज गिळावी लागते. हसणाऱ्या मुलांवर न चिडता, प्रश्न विचारणाऱ्याबद्दल वाटलेला क्षणिक राग चेहऱ्यावर येऊ न देता, उलट त्याचे कौतुक करावे लागते, आणि तेही मनापासून, कारण खोटे कौतुक मुलांना लगेच कळते. हे सगळे दोन-तीन सेकंदांत करायचे असते. माझे म्हणणे एवढेच आहे की अध्यापनाच्या पद्धती आणि शिक्षकाच्या मनावरचा भार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. प्रत्येक चांगली पद्धत शिक्षकाच्या मनाकडून काहीतरी मागत असते. ती मागणी ओळखली नाही तर पद्धत प्रशिक्षणाच्या फाइलीतच राहते.

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत घेऊ. प्रश्न विचारा आणि थांबा. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक १९७० च्या सुमारास वर्गांमधले ध्वनिमुद्रण ऐकत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, तेवढ्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्या मुलाला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात, असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंद किंवा त्याहून थोडा जास्त केला की मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणारी मुले बोलू लागली, मुले आपणहून कारणे देऊ लागली आणि उलट प्रश्नही विचारू लागली. दोन सेकंदांनी एवढा फरक पडत असेल तर सगळेच शिक्षक थांबत का नाहीत? कारण ती शांतता शिक्षकाला सोसत नाही. आपला प्रश्न फसला, आपण काल नीट शिकवले नाही, मागे बसून तपासणी करणाऱ्या साहेबांना वर्ग कच्चा वाटेल, असे सगळे त्या दोन सेकंदांत मनात येऊन जाते. उत्तर स्वतःच देऊन टाकले की सुटका होते, पण ती शिक्षकाची होते. मुलाच्या हाती काही लागत नाही.

रो यांच्या निरीक्षणातली दुसरी बाब मला जास्त अस्वस्थ करते. ज्या मुलांना शिक्षक कच्ची समजत होते, त्यांच्यासाठी ते आणखी कमी थांबत होते. विचार करायला ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी वेळ मिळत होता. हे दुष्टपणाने होत नाही. पुष्कळदा ते दयेपोटी होते, कारण मुलाची फजिती बघवत नाही म्हणून शिक्षक घाईने पुढे जातो. पण त्या मुलाला त्यातून कळायचे ते कळते.

सोलापूर जिल्ह्यात असे मूल कोण असते याचा विचार करायला हवा. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या आगेमागे हंगाम सुरू होतो आणि मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या इथल्या फडांवर येतात. कोप्या उभ्या राहतात. आईबापाबरोबर आलेले आठ-नऊ वर्षांचे मूल कधी गावच्या शाळेत येऊन बसते, कधी फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते. हंगाम संपला की ते जाते. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, गावी मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. पण त्यातून निसटून वर्गात येऊन बसलेल्या मुलाचे काय करायचे हा प्रश्न शेवटी एकाच माणसापुढे उभा राहतो. त्या मुलाला अक्षरओळख अर्धवट आहे, वर्ग चौथीचा आहे आणि चार महिन्यांनी ते दिसणार नाही हे शिक्षकाला ठाऊक आहे. जे मूल जाणारच आहे त्याच्यात जीव गुंतवणे कठीण असते. न गुंतवता त्याला शिकवणे त्याहून कठीण. दर हंगामाला हे नव्याने करणाऱ्या शिक्षकाच्या मनाची दखल कोणत्याही अहवालाच्या रकान्यात घेतली जात नाही.

या प्रकारच्या श्रमांना समाजशास्त्राने नाव दिले ते १९८३ मध्ये. आर्ली हॉशिल्ड यांनी ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात विमानातल्या सेविकांचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास मांडला. हसतमुख राहणे हा एकीच्या नोकरीचा भाग, दरारा बसवणे हा दुसऱ्याच्या. पगाराच्या बदल्यात आपल्या भावना घडवणे किंवा दाबणे याला त्यांनी भावनिक श्रम म्हटले. हे श्रम दोन प्रकारांनी होतात असे त्या सांगतात. एक, आत काहीही असो, चेहरा हवा तसा ठेवणे. दुसरा, ती भावना खरोखरच आत निर्माण करण्याचा प्रयत्न करणे. नुसता चेहरा सांभाळण्यात माणूस लवकर झिजतो, असे पुढच्या अनेक अभ्यासांत दिसले. शिक्षकाची अवस्था अशी की या दोन्ही नोकऱ्या त्याला एकाच तासात कराव्या लागतात. पहिल्या बाकावरच्या रडणाऱ्या मुलीशी मायेने बोलायचे आणि मान वळवून मागच्या बाकाला जरबेने गप्प करायचे. फिलिप जॅक्सन यांनी १९६८ च्या ‘लाइफ इन क्लासरूम्स’ या पुस्तकात अंदाज मांडला होता की प्राथमिक शिक्षकाचे मुलांशी दिवसाला हजारापर्यंत छोटे-मोठे व्यवहार होतात. पाणी प्यायला जाऊ का इथपासून ते ह्यानं मला मारलं इथपर्यंत. त्या प्रत्येक वेळी निर्णय घ्यायचा असतो आणि त्याला साजेसा भाव चेहऱ्यावर आणायचा असतो.

आपल्याकडे याला एक खास मराठी पदर आहे. कोणत्या कामात काय वाटले पाहिजे याचे अलिखित नियम समाज ठरवत असतो, असे हॉशिल्ड म्हणतात. मराठी शिक्षकापुरते हे नियम बऱ्याच अंशी साने गुरुजींच्या प्रतिमेने ठरवले आहेत. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे ते अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांची आईच्या मायेने सेवा करत होते. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण त्या प्रतिमेतून आपण जो नियम काढला तो असा की खरा शिक्षक थकत नाही, चिडत नाही, कंटाळत नाही. मग ज्या शिक्षिकेला दुपारच्या तासाला वर्ग नकोसा वाटतो तिला आपल्यातच काही खोट आहे असे वाटू लागते. ती ते कुणाला सांगत नाही, आणि न सांगितल्याने ते वाढत जाते. मायेची अपेक्षा ठेवायला हरकत नाही, पण ती ठेवणाऱ्या समाजाने माया करणाऱ्याच्या विश्रांतीचाही विचार केला पाहिजे.

थकण्याच्या पुढची पायरी म्हणजे करपून जाणे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिले, आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी त्याची तीन अंगे सांगितली. मन रिकामे होणे, समोरच्या माणसांविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही घडत नाही असे वाटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद घेताना ते आजार नसून कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम आहे असे म्हटले. हा फरक महत्त्वाचा आहे. शिक्षकाला ध्यानधारणेचे शिबिर द्यायचे आणि कामाची घडी तशीच ठेवायची, हा उपाय या व्याख्येशी जुळत नाही.

कामाच्या घडीत काय बदलता येईल? शिस्तीपासून सुरुवात करू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू झाला. बंदी योग्यच होती. पण छडी गेली तेव्हा तिच्या जागी काय, हे शिक्षकाला पुरेसे शिकवले गेले नाही. त्यामुळे रागावलेल्या शिक्षकाच्या हाती फक्त राग उरला. जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये याबाबत एक अनपेक्षित निष्कर्ष मांडला होता. शांत वर्गांचे शिक्षक आणि गोंधळी वर्गांचे शिक्षक यांची तुलना करताना त्यांना दिसले की गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो गोंधळ होण्याआधीच्या गोष्टींनी. फळ्यावर लिहितानाही मागे काय चालले आहे याचे भान असणे आणि ते भान आहे हे मुलांना ठाऊक असणे, एका कामातून दुसऱ्याकडे जाताना मध्ये रिकामा वेळ न सोडणे, एकाला विचारताना बाकीच्यांना गुंतवून ठेवणे. दोन शिक्षकांच्या बहुवर्ग शाळेत हे अक्षरशः टिकून राहण्याचे साधन आहे. पहिलीला गटात गोष्टीची चित्रे लावायला दिली, तिसरीला जोडीने उदाहरणे दिली आणि दुसरीला समोर घेतले, अशी ठरलेली चाकोरी मुलांच्या अंगवळणी पडली की शिक्षकाचे दिवसातले शेकडो निर्णय आणि तितक्याच चिडी कमी होतात.

दुसरा बदल म्हणजे आपल्या हातून काही घडते आहे हे दिसण्याची सोय. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेची पद्धत आता बऱ्याच शिक्षकांच्या ओळखीची आहे. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे. ज्याला अक्षरे येतात त्याला शब्दांकडे, ज्याला शब्द येतात त्याला परिच्छेदाकडे न्यायचे. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या ‘प्रथम’च्या ‘बालसखी’ कार्यक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, त्यात मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. या पद्धतीची चर्चा नेहमी मुलांच्या बाजूने होते. मला तिचा दुसरा लाभही तितकाच मोठा वाटतो. चौथीच्या पुस्तकातला धडा अक्षरे न येणाऱ्या मुलापुढे वर्षभर वाचत राहणे हा शिक्षकाला रोज हरवणारा अनुभव असतो. तेच मूल सहा आठवड्यांत चार ओळी वाचू लागले की शिक्षक ते घरी जाऊन सांगतो. मास्लाक यांनी सांगितलेले तिसरे अंग इथे थोडे तरी सावरते.

तिसरी गोष्ट वेळाची. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ ने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांना लावायला मनाई केली आहे. तरी पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, छायाचित्रे चढवणे आणि दुपारपर्यंत मागवलेले तक्ते यांत शिक्षकाचा दिवस तुटत राहतो. त्यात वाया जाणारे तास मोजले जातात. पण मुलाचा प्रश्न ऐकत असताना खिशातला मोबाइल वाजला की लक्षाचा जो धागा तुटतो तो परत जोडताना मनाची किती ओढाताण होते, ते मोजले जात नाही. लक्ष देणे हाच शिक्षकाच्या कामाचा गाभा आहे. ते वारंवार तोडणाऱ्या व्यवस्थेने शिक्षकाकडून संयमाची अपेक्षा करू नये.

आणि एकटेपणा. शिक्षकाचे काम माणसांनी भरलेल्या खोलीत चालते, तरी ते मोठ्यांच्या दृष्टीने एकट्याचे काम आहे. त्याचा चांगला तास दुसऱ्या शिक्षकाला दिसत नाही आणि वाईटही. केमपासून जवळच, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून त्यांनी कविता, ध्वनिफिती, चित्रफिती मुलांच्या हाती दिल्या, हे सर्वांना माहीत आहे. मला त्यांच्या तंत्रज्ञानाइतकीच दुसरी कृती लक्षात राहिली. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. या कामात एकट्याने जिंकण्यासारखे फारसे काही नसते, हे ज्याने वर्ग घेतला आहे त्याला कळते.

जपानमध्ये हा एकटेपणा मोडण्याची शंभर वर्षांहून जुनी रीत आहे. तिथे तिला जुग्यो केंक्यू म्हणतात. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एकजण तो घेतो, बाकीचे वर्गात बसून मुले काय करतात ते टिपतात. नंतरच्या चर्चेत पाठ कुठे अडला हे बोलले जाते, शिक्षक कुठे चुकला हे नाही. पाठ सर्वांचा असल्यामुळे अपयशही वाटून जाते. आपल्याकडे यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. केंद्राकेंद्रावर शिक्षण परिषदा होतातच. तिथे परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन एक तास असा ठेवता येईल, ज्यात प्रत्येक शाळेने आपल्या वर्गात आलेला आणि उत्तर न देता आलेला एक प्रश्न आणायचा. विज्ञानाचे शिक्षक, जवळच्या महाविद्यालयातले प्राध्यापक, गावातला जाणकार कारागीर मिळून त्याचे उत्तर शोधायचे. “मला येत नाही” हे वाक्य शिक्षकाने आधी आपल्या बरोबरीच्यांसमोर बोललेले असेल, तर मुलांसमोर ते जड जात नाही.

याची सर्वांत जास्त गरज नव्या शिक्षणसेवकाला आहे. २००० सालापासून चालत आलेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. अनेकदा गाव परके असते, घर दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि हाती आलेली शाळा दोन शिक्षकी असते. वर्ग कसा हाताळायचा, मुलाच्या रडण्याने आपण किती हलायचे, पालकाच्या आवाज चढवण्याला काय उत्तर द्यायचे, हे त्या तीन वर्षांत माणूस स्वतःच ठेचकाळत शिकतो, आणि तेव्हा लागलेल्या सवयी पुढची तीस वर्षे टिकतात. शेजारच्या शाळेतल्या अनुभवी बाईंना महिन्यातून दोनदा त्याच्या वर्गात मागे येऊन बसायला सांगावे. शेरेबुक न उघडता. तास संपल्यावर मुले मैदानात गेली की दोघांनी त्याच वर्गात बसून, आज कोणत्या मुलासाठी आपण थांबलो आणि कोणासाठी नाही, एवढेच बोलावे. त्यासाठी शासनाचा पैसा लागत नाही. बाईंच्या दोन अर्ध्या दिवसांची अधिकृत परवानगी लागते, आणि ती केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतली तर देता येण्यासारखी आहे.